हा टाका कधीचा? बायोच्या भरतकामातून इतिहास वाचताना

प्रश्न एमएच्या एका विद्यार्थ्याचा आहे, १०६६ साली इंग्लंड कसं जिंकलं गेलं याची गोष्ट सांगणाऱ्या बायो टॅपेस्ट्री या जुन्या भरलेल्या वस्त्राबद्दल. थोडक्यात असा: "प्रबंधासाठी बायो टॅपेस्ट्रीचा आधार घ्यायचा आहे. पण आमचे सर म्हणतात, भरतकाम हा काही पुरावा नव्हे, जिंकणाऱ्यांनी करून घेतलेली ती स्वतःची स्तुती आहे. कापडावरून इतिहास खरंच सांगता येतो का? आणि राजा हॅरॉल्डच्या डोळ्यात बाण लागला, हे त्यावरून सिद्ध होतं का?"

मी इतिहासकार नाही. जुन्या वस्त्रांचं जतन करण्याचं काम गेली सव्वीस वर्षं करते आहे, आणि भरतकाम तर त्याच्याही आधीपासून, आईच्या हाताखाली शिकले तेव्हापासून. त्यामुळे माझं उत्तर सुईच्या बाजूने येईल.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका घरातून भरलेला शेला आला होता. घरच्यांच्या मते तो पणजीच्या पणजीचा. पाण्याने रंग फुटतो का हे पाहायला मी ओलसर कापूस एकेका फुलाला टेकवत गेले. अकरा फुलांचा लाल रंग जागचा हलला नाही. बाराव्याने कापूस गुलाबी केला. मग शेला उलटा केला, आणि उलट्या बाजूने ते फूल वेगळ्याच हातचं निघालं: गाठी वेगळ्या, दोऱ्याचा पीळ वेगळा, टाका लांब. तो दोरा रासायनिक रंगाचा होता, आणि असे रंग जगात आले ते १८५६ नंतर. म्हणजे शेला जुना, पण बारावं फूल नवं. घरचे खोटं बोलत नव्हते. कुणा एका बाईने झिजलेलं फूल मायेने पुन्हा भरलं होतं, एवढंच. त्या दिवसापासून कुठलंही भरतकाम समोर आलं की 'हे कधीचं आहे' असं मी विचारत नाही. 'हा टाका कधीचा आहे' असं विचारते. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं याच सवयीतून निघतात.

आता बायोकडे येऊ. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात बायो नावाचं गाव आहे, तिथे हे वस्त्र आहे. टॅपेस्ट्री हे नाव त्याला चिकटलंय, पण ती टॅपेस्ट्री नाहीच. टॅपेस्ट्रीत चित्र मागावर विणतात. पैठणीच्या पदरावरचा मोर जसा विणकामातच तयार होतो, तसं. इथे मात्र आधी विणलेल्या तागाच्या, म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याच्या कापडावर लोकरीने भरलेलं आहे. उंची साधारण अर्धा मीटर आणि लांबी ६८ मीटरच्या वर. शेवटचा काही भाग गहाळ आहे. सहाशेहून जास्त माणसं, दोनशेच्या वर घोडे, एकेचाळीस जहाजं, आणि चित्रांच्या माथ्यावर लॅटिनमधल्या छोट्या ओळी.

गोष्ट १०६६ सालची. इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी, ६ जानेवारीला, हॅरॉल्ड गॉडविन्सन गादीवर बसला. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणाला, गादी माझी, हॅरॉल्डने माझ्यापुढे तशी शपथ घेतली होती. तो सप्टेंबरअखेर समुद्र ओलांडून आला, आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरॉल्ड मारला गेला. वस्त्रात हॅरॉल्डच्या नॉर्मंडी प्रवासापासून या लढाईपर्यंतचा भाग आहे.

चित्राकडे वळण्याआधी टाके पाहा. बाह्यरेषा आणि अक्षरं मुख्यतः दांडी टाक्याने काढलेली आहेत, आपण फुलांचे देठ काढतो तोच तो टाका. क्वचित साखळी टाकाही दिसतो. आतला भराव मात्र वेगळ्या पद्धतीचा. आधी लोकरीचे लांब धागे शेजारी शेजारी, कापड झाकेल असे पसरायचे. मग त्यांच्यावर काटकोनात, थोड्या थोड्या अंतराने आडवे धागे टाकायचे, आणि ते बारीक टाक्यांनी जागोजाग बांधून घ्यायचे. जरदोजीचं काम पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. जर महाग, म्हणून ती कापडातून आरपार नेत नाहीत, वर ठेवून साध्या दोऱ्याने बांधतात. इथे तोच हिशोब लोकरीला लावलाय. जवळजवळ सगळी लोकर सुलट बाजूला राहते, उलट बाजूला फक्त कडेचे ठिपके. म्हणजे काम अंगावर घेणाऱ्याला लोकरीची किंमत माहीत होती आणि मोठं क्षेत्र लवकर भरायचं होतं.

हे हाताने करून पाहावं म्हणून मी एकदा चौकटीवर तागाचं कापड ताणून त्यातला एक घोडा भरला. फक्त घोडा, स्वार नाही. संध्याकाळचे दोन-दोन तास देत मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत जे कळलं ते पुस्तकातून कळलं नसतं. या घोड्यांचे अलीकडचे पाय अंगाच्या रंगाचे, आणि पलीकडचे पाय अगदी निराळ्या रंगाचे असतात: निळ्या घोड्याला लाल पाय, तांबड्याला पिवळे. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं. भरताना लक्षात येतं की सावली दाखवायला छटाच नाहीत. जवळचं आणि लांबचं वेगळं करायला हातात उरतो तो रंगातला फरक. चेहरे आणि हात तर भरलेलेच नाहीत. मोकळ्या कापडावर नुसती रेघ आहे, आणि तिथेही हाताहातातला फरक ओळखू येतो.

मूळ लोकरीच्या साऱ्या छटा तीन वनस्पतींच्या. लाल मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचा, पिवळा वेल्ड नावाच्या झुडपाचा, निळा वोडचा. वोड म्हणजे तिकडची नीळ. झाड वेगळं, पण रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. १९८२-८३ मध्ये मागचं अस्तर काढून उलट बाजूची तपासणी झाली तेव्हा, नऊशे वर्षं उजेड न लागलेले हे रंग अभ्यासकांना नीट पाहता आले. नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये मात्र फिकट पिवळे, नारिंगी, फिकट हिरवे असे परके धागे आहेत. माझ्या बाराव्या फुलासारखे.

आणि एक जोड आहे, जो मला या साऱ्या वस्त्रातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. वस्त्र एकसंध नाही. कापडाचे नऊ तुकडे जोडून ते केलंय. पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या जोडावर वरच्या किनारीची रेघ जुळत नाही. एका बाजूची रेघ खाली, दुसऱ्या बाजूची वर. पुढचे जोड इतके सफाईने घेतलेत की शोधावे लागतात. साडीला काठ जोडताना नक्षी थोडी सरकली की मनाला किती लागतं, हे शिवणाऱ्या बाईला विचारा. इथे तेच झालंय. दोन तुकडे वेगवेगळ्या चौकटींवर, बहुधा वेगवेगळ्या गटांनी भरले, जोडायच्या वेळी चूक ध्यानात आली, आणि पुढच्या जोडांना ती होऊ दिली नाही. अकराव्या शतकातल्या एका कामाच्या जागेत कामाची वाटणी कशी होती आणि माणसं चुकीतून कशी शिकली, हे सांगणारा लेखी कागद एकही नाही. ही सरकलेली रेघ आहे. तुमच्या सरांना मी आधी हे दाखवीन. कापड पहिल्यांदा स्वतःच्या घडण्याची साक्ष देतं, आणि त्या साक्षीत स्तुतीला जागा नसते.

आता स्तुतीचा मुद्दा. सर चूक नाहीत. हे काम कुणी करवून घेतलं याची नोंद नाही. पण बहुतेक अभ्यासकांचं बोट विल्यमच्या सावत्र भावाकडे, बायोचा बिशप ओडो याच्याकडे जातं, आणि मलाही ते पटतं. वस्त्रात ओडो नको तितका पुढे आहे. भर लढाईत तो हातात सोटा घेऊन तरुण स्वारांना धीर देतो. हॅरॉल्डची शपथ वस्त्रात बायोला घडते, जुने दोन लेखक मात्र ती दोन वेगळ्याच गावी घडल्याचं सांगतात. शिवाय वॅडर्ड आणि विटाल अशा दोन किरकोळ माणसांची नावं अक्षरांनी भरलेली आहेत. १०८६च्या इंग्लंडच्या जमीन-मोजणीत, ज्याला डूम्सडे बुक म्हणतात, हेच दोघे ओडोकडून जमिनी धरणारे म्हणून सापडतात. मोठमोठे सरदार बिननावाचे राहिले आणि मालकाच्या माणसांची नावं आली, यावरून मालक कोण असेल ते उमगतं. बघा, पक्षपात आहे, पण त्या पक्षपातानेच आपल्याला नवी माहिती दिली.

आणि पक्षपात सरळसोट नाही. मों सें मिशेलजवळ नदीच्या रेतीत नॉर्मन शिपाई रुततात, तेव्हा त्यांना ओढून काढणारा हॅरॉल्ड आहे. एक शिपाई पाठीवर, दुसऱ्याचा हात धरलेला. शत्रूची निंदाच करायची असती तर हे दृश्य कशाला भरलं असतं? तो मरतो तेव्हाही वरची ओळ त्याला 'राजा' म्हणते. मग अक्षरं पाहा. लॅटिन ओळींमध्ये हॅरॉल्डच्या भावाचं, गर्थचं, नाव लिहिताना इंग्रजांचं जुनं खास अक्षर आलंय, जे लॅटिनमध्ये नाही. आणखी काही शब्दांची वळणंही इंग्रजी आहेत. चित्रांची ठेवण इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या मठातल्या हस्तलिखितांशी जुळते. म्हणजे पैसा जिंकणाऱ्यांचा, पण आराखडा आणि सुया बहुधा हरलेल्यांच्या. ही वीण एकदा ध्यानात आली की 'जेत्यांची स्तुती' हे वर्णन अपुरं वाटायला लागतं.

एका ठिकाणी मी दर वेळी थांबते. नॉर्मन सैनिक एका घराला आग लावतायत. दोन मजली घर, वर ज्वाळा. खालून एक बाई बाहेर पडते आहे, तिने लहान मुलाचा हात धरलाय, दुसरा हात तिने पुढे केलाय, बोलत असल्यासारखा. या मुख्य पट्ट्यात बाया फक्त तीन, त्यांतली ही एक. तिला नाव नाही, ओळ फक्त सांगते की इथे घर जाळलं जातंय. विल्यमची बढाई सांगायला ही बाई गरजेची नव्हती. ती तिथे का आली याचं उत्तर मला देता येत नाही, पण ते मुलाचं बोट भरणारा हात मला ओळखीचा वाटतो.

रोजच्या वस्तूंबाबत तर वस्त्र फार भरवशाचं आहे, कारण तिथे खोटं बोलण्यात कुणाचा फायदा नव्हता. चिलखतं बाह्यांतून काठी घालून दोघे वाहून नेतात, यावरून लोखंडी कड्यांच्या त्या अंगरख्याचं वजन कळतं. झाडं तोडण्यापासून जहाज पाण्यात ढकलण्यापर्यंतचं सुतारकाम ओळीने आहे. घोडे जहाजातून मान बाहेर काढून बसलेत. किनाऱ्यावर उतरल्यावर सळयांवर मांस भाजतायत आणि ढाली टेबलासारख्या मांडून जेवतायत. खालच्या किनारीत शेत नांगरणारे, बी फेकणारे, कुळव ओढणारा घोडा. शेतीच्या इतिहासाचे अभ्यासक या अरुंद किनारीकडे उगाच जात नाहीत.

घटनांच्या क्रमाबाबत मात्र सावध राहा. एडवर्डची अंत्ययात्रा आधी दिसते आणि मृत्यूशय्या नंतर. शेंडीचा तारा, म्हणजे हॅलेचा धूमकेतू, हॅरॉल्डच्या राज्यारोहणाला लागूनच आहे. लोक बोटं दाखवतायत आणि खालच्या किनारीत रिकाम्या जहाजांच्या आकृत्या तरंगतायत. प्रत्यक्षात धूमकेतू दिसला एप्रिलअखेर, राज्यारोहणानंतर साडेतीन महिन्यांनी. भरणाऱ्यांना तारीख सांगायची नव्हती, अपशकुन सांगायचा होता. लढाईच्या तीन आठवडे आधी हॅरॉल्डने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाचा पराभव केला होता. ती सबंध लढाई वस्त्रात नाही.

आता बाण.

'इथे राजा हॅरॉल्ड मारला गेला' या ओळीखाली दोन माणसं आहेत. एक उभा, चेहऱ्याशी आलेला बाण धरलेला. दुसरा कोसळणारा, त्याच्या मांडीवर घोडेस्वाराची तलवार. हॅरॉल्ड नेमका कोणता, की दोन्ही तोच, यावर वाद आहे. पण माझा मुद्दा त्याआधीचा. १७२९च्या सुमारास अंत्वान बन्वा याने वस्त्राची चित्रं काढली, तेव्हा उभ्या माणसाच्या हातात नुसती दांडी दिसते, पिसं नाहीत. तो भालाही असू शकतो. जवळपास नव्वद वर्षांनी, १८१८च्या आसपास, चार्ल्स स्टोथर्डने काढलेल्या चित्रात तोच पिसांचा बाण झालाय. स्टोथर्ड प्रामाणिक माणूस होता. जिथे दोरे गळाले होते तिथे सुईच्या भोकांवरून आणि उरलेल्या तंतूंवरून मूळ आकार जुळवला, असं त्याने स्वतःच सांगितलंय. पुढे एकोणिसाव्या शतकात दुरुस्त्या झाल्या आणि बाण कापडावर पक्का बसला. त्यातच दुसऱ्या, कोसळणाऱ्या माणसाच्या डोक्यापाशी सुईच्या रिकाम्या भोकांची एक रांग आहे. तिथेही कधीतरी काहीतरी टाकलं होतं आणि ते निघालं किंवा काढलं गेलं.

रिकामं भोक हा फार अवघड पुरावा असतो. दोरा इथे होता हे ते सांगतं, पण कधी घातला आणि कधी निघाला ते सांगत नाही. तागाचा धागा सुईने बाजूला सारलेला असतो, तुटलेला नसतो, त्यामुळे धुतल्यावर कधी कधी भोक मिटूनही जातं. पहिल्या वेळची भोकं कोणती आणि दुरुस्तीच्या वेळची कोणती, हे नुसतं पाहून छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. लढाईनंतर लवकरच रचलेल्या एका लॅटिन काव्यात तर बाण नाहीच, चार स्वार मिळून हॅरॉल्डला कापतात. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वस्त्रावरून ते सिद्ध होत नाही. आज दिसणाऱ्या बाणावरून फार तर एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्ती करणाऱ्यांना काय घडलं असं वाटत होतं, ते कळतं.

तुम्ही विचारलं नाही, पण असं वस्त्र एकच का उरलं हेही प्रबंधात यायला हवं. अशी वस्त्रं आणखी होती. ९९१ साली माल्डनच्या लढाईत पडलेल्या बर्थनोथ या सरदाराच्या पत्नीने त्याच्या पराक्रमांनी भरलेला पडदा एलीच्या मठाला दिला, अशी मठाची नोंद आहे. पडदा गेला. सोन्याच्या तारेचं कितीतरी काम इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत नष्ट झालं, धातूसाठी जाळलंही गेलं. आपल्याला हे लांबचं वाटायला नको. जुन्या जरीच्या साड्या दारावर येऊन घेणारे आणि जाळून चांदी काढणारे आपण पाहिलेत. किती शालू आणि पैठण्या अशा गेल्या त्याला गणती नाही. बायोच्या वस्त्रात सोनं नाही, रेशीम नाही, फक्त लोकर आणि ताग. वितळवायला काही नव्हतं. बायोच्या चर्चमध्ये ते वर्षातून एकदा, सणाला, टांगायचे आणि एरवी गुंडाळून ठेवायचे. तिथली पहिली लेखी नोंद १४७६ची आहे, चर्चच्या सामानाच्या यादीतली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ला, गाड्या झाकायच्या कापडात ते जाता जाता वाचलं ते गावातल्या एका वकिलामुळे.

स्वतःची तारीख स्वतःच सांगणारी वस्त्रंही आहेत, आणि तुलनेसाठी ती घ्याच. इंग्लंडमधल्या डरॅमला सेंट कथबर्ट या संताच्या शवपेटीत १८२७ मध्ये एक भरलेला अरुंद पट्टा सापडला. त्याच्या टोकांवर अक्षरं भरलेली आहेत: राणी एल्फफ्लॅडने करवून घेतलं, बिशप फ्रिथस्टनसाठी. या दोघांच्या काळावरून तो ९०९ ते ९१६ मधला ठरतो. हंगेरीच्या राजांच्या राज्याभिषेकाच्या झग्यावर १०३१ हे साल, राजा स्टीफन आणि राणी गिझेला यांची नावं, सगळं भरलेलं आहे. पण तिथेही माझा प्रश्न सुटत नाही. मुळात ते धर्मगुरूचं वस्त्र होतं, नंतर समोरून कापून झगा केला. अक्षरं खरी, साल खरं, कपडा मात्र मधल्या काळात दुसराच झाला.

नक्कलसुद्धा पुरावा होऊ शकते. १८८५-८६ मध्ये इंग्लंडच्या लीक गावात एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकाराने पस्तीस बायकांनी बायोच्या वस्त्राची पूर्ण लांबीची प्रत भरली. ती आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. लोकर रंगवली त्यांचे पती थॉमस वॉर्डल यांनी. आपल्याकडच्या टसरवर, म्हणजे भंडाऱ्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्या रेशमावर, रंग कसा चढवायचा याचा ध्यास घेतलेला हा रंगारी. या प्रतीत मूळच्या काही नग्न आकृत्यांना कपडे चढले. त्यावरून अकराव्या शतकाबद्दल काहीच कळत नाही, पण १८८५ बद्दल खूप कळतं. आणखी एक फरक आहे. लीकच्या प्रत्येक बाईचं नाव तिने भरलेल्या भागाखाली टाक्यांत आहे. बायोच्या मूळ वस्त्रात भरणाऱ्या एकीचंही नाव नाही.

तर प्रबंधात बाणाबद्दल 'वस्त्रात हॅरॉल्डच्या डोळ्यात बाण दाखवला आहे' असं लिहू नका. 'आजच्या स्थितीत, एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीनंतर, एका आकृतीच्या चेहऱ्यापाशी बाण दिसतो' असं लिहा. वाक्य लांबतं, पण त्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. जहाजं, चिलखतं, कुळव, जेवण यांच्यासाठी वस्त्राचा आधार निर्धास्त घ्या. शपथेसाठी आणि ओडोसाठी घेताना, पैसा कुणाचा होता ते त्याच परिच्छेदात सांगा.

सगळं वस्त्र बायोच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या, स्पष्ट छायाचित्रांत फुकट पाहता येतं. प्रत्यक्षात ते सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ या काळात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायचं ठरलं आहे. तिकडे तुमचं कुणी असेल तर त्यांना सांगा, हॅरॉल्डच्या मृत्यूपाशी गर्दी असेल, तिथे नंतर जा. आधी सुरुवातीपासून चौदा-एक मीटर चाला, आणि वरच्या किनारीतली ती सरकलेली रेघ शोधा.